पुस्तकात नसलेलं माप

दिशा : ताई, ते रबर द्या ना इकडे. माझ्याजवळचे संपले.

मैना : घे की. विचारतेस कशाला? बाकीचं कुठं विचारून घेतलंस?

दिशा : झालं परत सुरू?

मैना : काही सुरू झालं नाही. गड्डी नीट बांध. कळ्या एका उंचीला आण, बाजारात कालच व्यापारी कुरकुरत होता.

दिशा : त्या वाचक कट्ट्यावरून आलो, तेव्हापासून तुम्ही माझ्याशी गुलाबाशिवाय दुसरं काही बोललेलाच नाहीत. पूर्वी या शेडमध्ये दुपार कशी जायची कळायचं नाही. तुम्ही गोष्ट सांगायचात, हात आपोआप चालायचे. आता नुसता कात्रीचा आवाज.

मैना : मी कशाला बोलू? तुझं ऐकायला आता सगळं नाशिक बसलंय. लोक नंबर मागतात. पेपरात फोटो येतो.

दिशा : फोटोत तुम्ही पण आहात.

मैना : माझं कोपर आहे. सिंधुबाई पेपर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ही हिरव्या काठाची साडी तुझीच ना गं मैना? कोपरावरून ओळखलं मला.

दिशा : फोटो मी कापला का?

मैना : तू कशाला कापशील? तू नुसती मधोमध उभी होतीस. दिशा, वाल्मीक सरांच्या त्या कट्ट्यावर मी अगदी पहिल्यापासून जातेय. तेव्हा वाचनालयात खुर्च्यासुद्धा नव्हत्या आम्हाला, सतरंजी होती. महिन्यातून एकदा जमायचं आणि आपण काय वाचलं, कसं वाटलं, ते सांगायचं. तुला मी नेलं तिथं. माझी जाऊ होऊन मनमाडहून आलीस, दुपारभर मोबाइल बघत पडायचीस, म्हणून नेलं.

दिशा : मान्य आहे. मी कुठं नाही म्हणतेय?

मैना : पहिल्या वेळी काय बोलली होतीस आठवतंय? त्या रेल्वे गार्डाच्या आत्मचरित्रावर?

दिशा : "छान आहे, माझे पप्पा पण रेल्वेत होते."

मैना : एवढंच. आणि खाली बसलीस. मला बरं वाटलं होतं, खरं सांगते. म्हटलं, शिकेल हळूहळू. माझ्या हाताखाली शिकेल.

दिशा : आणि मग?

मैना : मग त्या दिवशी मी विहिरींवरचं पुस्तक नेलं होतं. आपल्या जिल्ह्यातल्या जुन्या विहिरी. दोनदा वाचलं ते मी. कुणी बांधल्या, पायऱ्या कशा उतरतात, कोणत्या वस्तीला पाणी घेऊ द्यायचे आणि कोणत्या नाही, सगळं कागदावर उतरवलं. मी बोलत होते आणि तो रविराज बोरस्ते मोबाइलवर बोट फिरवत होता. सरांनी घड्याळ बघितलं. मी पाहिलं त्यांना बघताना. मग म्हणाले, आता आपल्या दिशाताई. तू उठलीस, त्या शिंपिणीच्या कादंबरीवर बोलायला. हातात चिठोरासुद्धा नाही.

दिशा : एका हातानं निऱ्या धरून उभी होते मी.

मैना : निऱ्या कुणी बघत नव्हतं. मागच्या रांगेत बायका डोळ्याला पदर लावत होत्या. सर चष्मा पुसत होते. आणि शेवटी काय म्हणाले? वार्षिक मेळाव्याला हेच बोला. मेळाव्याला दरवर्षी मी बोलते, दिशा. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दिशा : ताई, परवा सकाळी सरांचा फोन आला होता मला.

मैना : काय म्हणाले?

दिशा : एवढ्या पटकन विचारलंत.

मैना : मग काय उद्या विचारू? काय म्हणाले?

दिशा : म्हणाले, "खरं सांगा, ती शिंपिणीची कादंबरी तुम्ही वाचली आहे का?"

मैना : आणि तू?

दिशा : मी आधी विचारलं, "असं का विचारता सर?" तर म्हणाले, "तुमच्याच घरातून कळलं." आता आपल्या घरात वाचणारं कोण आहे? भाऊजी टोमॅटोचे भाव वाचतात. महेश सातपूरहून ड्यूटी करून येतो आणि ताटावर झोपतो. आत्याबाईंना अक्षर येत नाही. राहिलं कोण?

मैना : मी सांगितलं.

दिशा : फोन केलात?

मैना : केला. शेतातून केला, कुणी ऐकू नये म्हणून. म्हटलं, सर, तिनं पुस्तक वाचलंय का ते एकदा विचारा तिला. आणि खोटं काय सांगितलं मी? ते पुस्तक पूर्ण वेळ माझ्या उशाशी होतं. तू पान उलटलं नव्हतंस. इथं बसून मी रोज सांगायचे, तू ऐकायचीस, आणि तिथं जाऊन तेच बोललीस. माझेच शब्द. "तिच्या मशीनचा आवाज म्हणजे तिचं बोलणं होतं", हे कुणाचं वाक्य?

दिशा : तुमचं.

मैना : निदान "आमच्या ताईंनी सांगितलं" एवढं तरी म्हणायचं होतंस.

दिशा : म्हणणार होते. पहिलं वाक्य तेच म्हणायचं ठरवलं होतं. पण उठले, सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मला... ताई, मला आवडलं ते. या घरात मी आले तेव्हापासून मी "महेशची बायको" नाहीतर "मनमाडची". पहिल्यांदा कुणी शांत बसून माझं ऐकत होतं. वाटलं, दोन मिनिटं असू दे. मग दोन मिनिटं संपलीच नाहीत.

मैना : तुला वाटतं मी फोटोसाठी जळले.

दिशा : मग कशासाठी?

मैना : फोटोसाठी पण जळले. पण नुसतं तेवढंच असतं तर गिळलं असतं मी. तू ते चांगलं बोललीस, दिशा. माझं होतं, पण मला तसं बोलता आलं नसतं. इथं गुलाब बांधताना माझ्या तोंडून जे निघतं, ते तिथं माइकसमोर निघत नाही. तिथं गेले की माझाच कागद होतो. लेखकाचा परिचय, पुस्तकाची पार्श्वभूमी, भाषाशैली. लोक जांभया देतात ते दिसतं मला. आणि तू शेडमधली मैना उचललीस आणि तिथं नेऊन उभी केलीस. टाळ्या मलाच होत्या, पण वळून बघावं तर त्या तुझ्याकडे बघून वाजवतायत. झोप लागली नाही मला. महेशभाऊंनी कौतुकानं पेढे आणले, तो पेढा मी कोंबड्यांना टाकला.

दिशा : पेढा टाकलात?

मैना : टाकला.

कुसाबाई : च्या घ्या गं पोरींनो. गार व्हईल. काय टाकलं?

मैना : काही नाही आत्याबाई. बसा.

कुसाबाई : बसते तर. सासूला काय काम नाय म्हनून कुनी बी सांगतं च्या कर. मैना, आज तरी काय सांगशील का न्हाई? लय दिस झाले. म्या घरातलं काम आवरून हितं येऊन बसती, अन् तुमी दोघी मुक्यावानी. ती टेलरीन बाई झाली, आता दुसरी कुनाची तरी काढ की.

मैना : मन नाही आत्याबाई.

कुसाबाई : त्या टेलरनीचं मातुर काळजाला लागलं माझ्या. म्या सहादूच्या आईला बी सांगितली ती गोष्ट. नवरा मुंबईला निघून गेलेला. पोरगी येकटीनं वाढवली तिनं. अन् इतक्या सालानं त्यो दारात हुबा. तर ही रडती का? न्हाई. शिव्या देती का? न्हाई. गळ्यातली टेप काढती अन् त्याच्या खांद्याला लावती. ज्याचा सदरा डोळं झाकून बेतायची, त्याचं माप घ्याया लागलं तिला. म्हंजी इसरली ती त्याला. समदं आलं त्यात.

दिशा : कट्ट्यावर लोक रडले ते त्याच जागी, आत्याबाई.

कुसाबाई : रडतीलच. म्या बी रडली.

दिशा : पण ते पुस्तकात नाहीये.

मैना : काय नाहीये?

दिशा : टेप. सर परवा तेच म्हणाले. तुमचा फोन आल्यावर त्यांनी कपाटातून दुसरी प्रत काढली आणि सगळी वाचली. म्हणाले, "तुम्ही वाचलं नाही हे मला कळलं, कारण तुम्ही ज्यावर सगळ्यांना रडवलंत, तो प्रसंगच यात नाही."

मैना : काहीतरीच. सरांना झोप आली असेल शेवटाला.

दिशा : मी पण वाचलं, ताई. परवापासून तेच करतेय. दोन दिवस तुमच्या उशाशी नव्हतं ना ते?

मैना : मला वाटलं, कुणीतरी वाचनालयात परत केलं.

दिशा : माझ्याकडे होतं. आयुष्यात पहिल्यांदा अख्खं पुस्तक वाचलं मी. भाजी करपली, महेश ओरडला, पण वाचलं. टेप नाहीये. हे घ्या, तुम्हीच काढून दाखवा.

(मैना ओले हात पदराला पुसून पुस्तक मांडीवर घेते. तिला ते पान पक्कं आठवतंय. डावीकडचं, खालच्या अंगाला. ती शेवटची पानं उलटते, मग मागं जाते, मग पुन्हा पुढं येते. तिच्या चहावर साय धरते. दोघी तिच्या तोंडाकडे बघत राहतात.)

कुसाबाई : पान गळालं आसंल. जुनं हाय पुस्तक.

मैना : नाही आत्याबाई. पानं सगळी आहेत.

कुसाबाई : मंग कुठनं आलं ते?

मैना : मी... मला वाटलं मी वाचलंय. मला तर त्या टेपचा पिवळा रंग आठवतोय. टोकाचा पत्रा निघालेला.

दिशा : पुस्तकात टेपचा रंगच नाहीये कुठं.

मैना : ती आईची टेप होती. माझ्या आईची.

कुसाबाई : घोटीच्या इहिणबाईंची?

मैना : हो. आमच्या घरात मशीन होतं ना. आई शाळेचे गणवेश शिवायची, आजूबाजूच्या बायकांचे ब्लाउज शिवायची. वडील भाताच्या गिरणीत होते. मी लहान असताना घर सोडून गेले, ते आलेच नाहीत. तुम्हाला माहीत आहे आत्याबाई, हिला माहीत नाही.

दिशा : मला कुणी सांगितलं नाही. मला वाटलं ते वारले.

मैना : आम्ही तसंच सांगतो. आई दर दिवाळीला त्यांचा एक सदरा शिवायची. माप न घेता. शिवायची, इस्त्री करायची आणि ट्रंकेत ठेवायची. मी मोठी होत गेले तशी मला एकच इच्छा होती, की कधीतरी हिला त्या सदऱ्याचा गळा आठवू नये. बाही आठवू नये. कापड समोर ठेवून हिनं विचारात पडावं. म्हणजे सुटली. पण नाही. शेवटच्या दिवाळीला दिसत नव्हतं तिला नीट, सुई मी ओवून दिली. तरी सदरा बरोब्बर त्याच मापाचा.

कुसाबाई : तरीच. तुझ्या लग्नात सारखी मांडवाच्या तोंडाकडं बघत व्हती ती. म्या म्हनलं, कुनाची वाट बघती ही.

मैना : म्हणजे मी इथं बसून काय सांगत होते तुम्हाला एवढे दिवस?

दिशा : भारी सांगत होतात. आणि मी ते घेऊन गेले. आता तर मला जास्तच लाज वाटतेय. पुस्तकातलं असतं तर निदान पुस्तक दोघींचं असतं.

मैना : सरांना काय सांगितलंस?

दिशा : काल फोन केला मीच. म्हटलं, सर, मी वाचलं नव्हतं, आता वाचलंय. आणि टेपचा प्रसंग लेखकाचा नाही, माझाही नाही, मैनाताईंचा आहे. तुमचं पूर्ण नाव सांगितलं. नुसतं "जाऊबाई" नाही म्हटलं.

मैना : मग?

दिशा : मग म्हणाले, "कट्ट्यावर पुस्तकात जे आहे त्यावर बोलायचं असतं. नाही त्यावर नाही." मेळाव्यातून मला काढलं.

मैना : आणि मला?

दिशा : तुमचं नाव मी सुचवलं. म्हणाले, "यंदा घरगुती भानगडी नकोत." रविराज बोरस्ते बोलणार आहे. यशस्वी माणसं सकाळी उठून काय करतात, ते पुस्तक.

मैना : त्याला सकाळी उठलेलं कुणी पाहिलंय?

कुसाबाई : त्या बोरस्त्याच्या आईला इचारा. दहा वाजता गोधडी वडती ती त्याची.

दिशा : हसू नका ताई. मी रागावलेली आहे तुमच्यावर.

मैना : रागव.

दिशा : मला सांगायचं होतंत. इथं, तोंडावर. दोन थोबाडीत दिल्या असत्यात तरी चाललं असतं. शेतात जाऊन सरांना फोन करायचा? मी तुमचं चोरलं ते दहा माणसांसमोर चोरलं. तुम्ही पाठीमागून केलंत.

मैना : हो. केलं. आणि ते करून मला बरंही वाटलं नाही. फोन ठेवला आणि बांधावर तशीच बसून राहिले. तुझी फजिती होईल म्हणून वाट बघत होते, आणि झाली कुणाची बघ.

कुसाबाई : झालं ते झालं. आता दोघी बी घरात. च्या तर प्या, साय काढून.

दिशा : अजून एक सांगायचंय. पण मग तुम्हाला राग येईल.

मैना : आता काय राहिलंय राग यायचं?

दिशा : मला पुस्तकातला शेवट जास्त आवडला. तुमच्यापेक्षा.

मैना : तो? त्यात काय आहे? तो दारात येतो, ती "या, बसा" म्हणते, संपलं. मला वाटलं लेखक घाबरला. तिनं त्याला इतक्या सहज माफ केलं, मान देऊन आत बोलावलं, ते मला पटलं नाही. म्हणून बहुतेक मी पुढं जोडलं.

दिशा : द्या इकडे ते पुस्तक. तिनं माफ केलंच नाही, ताई.

मैना : "या, बसा" म्हणते ना?

दिशा : तेच तर. तो तिच्या मामाचा मुलगा ना? लहानपणी एकत्र बोरं वेचलेली. अख्ख्या पुस्तकात ती त्याला अरे-तुरे करते. लग्नानंतर सासू रागावते, तरी करते. तो निघून गेल्यावर एकटी भांडते त्याच्याशी, तेव्हा पण "तू". आणि शेवटी तो आला, तर "या, बसा." मशीन थांबवत नाही. दुकान आहे ते, दार उघडंच आहे. गिऱ्हाइकाला म्हणतात तसं म्हणाली ती.

कुसाबाई : अगं बया.

दिशा : मला एकदम थंडी वाजल्यासारखं झालं तिथं. मी मागं जाऊन सगळीकडे बघितलं, कुठं आधी "तुम्ही" म्हटलंय का. एकदाही नाही.

मैना : एकदाही नाही?

दिशा : एकदाही नाही. चुकत असेन तर सांगा. तुम्ही किती वाचलंय, मी पहिलंच.

मैना : नाही. चुकत नाहीस. माझ्या नजरेतून सुटलं ते. मी दोनदा वाचलं आणि सुटलं. मला टेप आणावी लागली, खांदा मोजावा लागला, आणि त्या लेखकानं एका "या"मध्ये भागवलं. आणि ते तुला दिसलं. पहिल्याच पुस्तकाला.

दिशा : बघा, रागावलात.

मैना : रागावले नाही. पुन्हा जळतंय. पण हे वेगळं आहे, याला कोंबड्यांपुढे टाकता येत नाही. दे इकडे ते पुस्तक. आज पुन्हा वाचते.

दिशा : आज नाही देत.

मैना : कार्ड माझं आहे वाचनालयाचं.

दिशा : असू दे. मी परत पहिल्यापासून सुरू केलंय. ती त्याला पहिल्यांदा "तू" कधी म्हणते ते बघायचंय मला.

कुसाबाई : हातातलं काम पडलं तसंच. फुलं उमलून जातील उन्हानं.

मैना : मग मोठ्यानं वाच. तुझ्या गड्ड्या मी बांधते.